बरे वाटते आहे, मग लघवी का तपासायची?

१० मे हा जागतिक ल्युपस दिन. त्या निमित्ताने या सदरात ल्युपसविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत मूत्रपिंडाची काळजी सर्वांत ठळकपणे दिसली, म्हणून या अंकाची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. ज्यांना हा आजार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांमध्ये अडकली, की तिथे दाह सुरू होतो. त्यालाच ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात. ल्युपस असलेल्या साधारण दहापैकी चार प्रौढ रुग्णांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकदा आजाराच्या पहिल्या पाच वर्षांतच होतो.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी चेहरा आणि पाय सुजले, तेव्हा बायॉप्सीत, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस निघाला. दर पंधरा दिवसांनी एक अशी सायक्लोफॉस्फामाइडची सहा इंजेक्शने झाली. त्यानंतर मायकोफिनोलेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, टेल्मिसार्टन आणि ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. गेली दोन वर्षे मला काहीही त्रास नाही, क्रिएटिनिन ०.८ आहे. तरीही डॉक्टर दर तीन महिन्यांनी लघवी तपासायला लावतात आणि गोळ्या बंद करत नाहीत. हे किती वर्षे चालायचे? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, चार वर्षे रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर 'आयुष्यभर' या एका शब्दात देऊन टाकणे मला योग्य वाटत नाही. आधी तपासणीचे बोलू.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. त्यांतल्या काही निकामी झाल्या, की उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम उचलतात. त्यामुळे जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ द्रव्याचा, आकडा प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेतच राहू शकतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, म्हणून बारीक अंगकाठीच्या स्त्रीमध्ये तर हा आकडा अधिकच फसवा ठरतो. आपलेच उदाहरण घ्या. ०.८ क्रिएटिनिन म्हणजे आपल्या वयाच्या स्त्रीमध्ये गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे १०२ मिलीलिटर. उद्या तो आकडा १.१ झाला तर अहवालावर कदाचित लाल खूणही दिसणार नाही, पण वेग ७० पर्यंत उतरलेला असेल, म्हणजे सुमारे तीस टक्के क्षमता गेलेली असेल. त्या टप्प्यावरही आपल्याला बरेच वाटत असेल. मूत्रपिंड दुखत नाही, थकवा येतो तो फार उशिरा, आणि सूज येते तीही प्रथिने बऱ्याच प्रमाणात वाहून गेल्यानंतर. म्हणून बरे वाटणे हा या आजारात पुरावा मानता येत नाही, आणि माझ्या मते रुग्णाला पहिल्याच दिवशी समजावून सांगायची गोष्ट हीच आहे.

आजार पुन्हा डोके वर काढतो तेव्हा त्याची पहिली चाहूल बहुधा लघवीतच लागते. प्रथिने वाढतात, तांबड्या पेशी दिसू लागतात. यासाठी लघवीतील प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. दिवसभरात किती ग्रॅम प्रथिने जातात याचा ते ढोबळ अंदाज देते आणि पट्टी बुडवून केलेल्या तपासणीपेक्षा ते पुष्कळ भरवशाचे असते. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. मासिक पाळी, ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना तो देऊ नये, कारण आकडा उगाच वाढलेला दिसतो आणि घरभर घबराट होते. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे आणि आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. एकट्या आकड्यापेक्षा चार-पाच आकड्यांची चाल डॉक्टरांना खूप अधिक सांगते.

उपचार सुरू झाल्यावर ही प्रथिने तीन महिन्यांत किमान पाव हिश्श्याने आणि सहा महिन्यांत निम्म्याने कमी व्हावीत, वर्षभरात गुणोत्तर ०.५ ते ०.७ च्या खाली यावे, अशी अपेक्षा असते. वर्षाअखेरीचा हा आकडा केवळ सोयीचा म्हणून निवडलेला नाही. युरोपातील रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा दिसून आले, की बारा महिन्यांनंतर ज्यांची प्रथिने दिवसाला सुमारे ०.७ ते ०.८ ग्रॅमच्या खाली होती, त्यांची मूत्रपिंडे पुढची सात ते दहा वर्षे चांगली राहिली.

आता गोळ्यांविषयी. चौथ्या वर्गाच्या, म्हणजे निम्म्या किंवा अधिक गाळण्यांत दाह असलेल्या, आजारात सुरुवातीचे आणि नंतरचे उपचार मिळून किमान तीन वर्षे द्यावेत, असा सध्याचा दंडक आहे. त्यापुढे काय करायचे, याचा एक नेमका प्रयोग फ्रान्समध्ये झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-तीन वर्षे स्थिर असलेल्या रुग्णांपैकी काहींचे संरक्षणयंत्रणा दाबणारे मायकोफिनोलेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन बंद केले, काहींचे चालू ठेवले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र सर्वांचे चालू होते. दोन वर्षांत मूत्रपिंडाचा आजार उलटला, तो औषध चालू ठेवलेल्या ४० पैकी ५ जणांत आणि बंद केलेल्या ४४ पैकी १२ जणांत. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. थांबवलेल्यांपैकी बहुतेकांना त्या दोन वर्षांत काही झाले नाही, हे खरे. पण धोका दुपटीहून अधिक वाढला, हेही खरे. आणि आजार उलटतो तेव्हा दरवेळी काही गाळण्या कायमच्या व्रण होऊन जातात, त्या परत मिळत नाहीत.

तेव्हा आपला प्रश्न डॉक्टरांपुढे जरूर मांडा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्थिर रुग्णात आधी स्टेरॉइड कमी करत नेतात, मग काही महिन्यांच्या अंतराने मायकोफिनोलेटची मात्रा उतरवतात आणि प्रत्येक पायरीवर लघवी पाहतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालूच राहते, कारण त्याने आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. त्याची मात्रा दर किलो वजनाला दिवसाला ५ मिलीग्रॅमच्या आत असावी. ५० किलो वजनाला ती सरासरी २५० मिलीग्रॅम होते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करावी. मूत्रपिंडाची क्षमता कमी असेल तर ती दरवर्षीची तपासणी आधीपासूनच सुरू करावी लागते. रक्तदाब नसतानाही टेल्मिसार्टन का, असा प्रश्न पडला असेल तर सांगतो, ती गोळी गाळण्यांमधला दाब उतरवते आणि प्रथिनांची गळती कमी करते.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. दोन वर्षे उपचार होऊनही तिच्या लघवीतून रोज एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने जातात. डॉक्टर पुन्हा बायॉप्सी करू म्हणतात. एकदा सुई टोचून झाली, पुन्हा त्या पोरीला कशाला त्रास? — एक वडील, लातूर

उत्तर : आपली घालमेल समजू शकते, पण या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. लघवीतून प्रथिने दोन कारणांनी जातात. एक तर दाह अजून धुमसत असतो, किंवा दाह थांबलेला असतो आणि मागे राहिलेल्या जुन्या व्रणांतून गळती चालू असते. लघवीच्या अहवालात दोन्ही सारखेच दिसतात आणि रक्तातील प्रतिपिंडे व सी-३, सी-४ ही, आजार जागा असताना सहसा कमी होणारी, पूरक प्रथिनेही दरवेळी निर्णायक उत्तर देत नाहीत. उपचार मात्र अगदी उलट आहेत. दाह असेल तर औषध वाढवायला किंवा बदलायला हवे. केवळ व्रण असतील तर जास्तीची औषधे देऊन सतरा वर्षांच्या मुलीला जंतुसंसर्ग, हाडांची झीज आणि भावी अपत्यप्राप्तीतल्या अडचणी यांच्याकडे विनाकारण ढकलणे होईल. तिथे रक्तदाब आणि प्रथिने कमी करणारी औषधे पुरतात. शिवाय कधी कधी आजाराचा वर्गच बदललेला आढळतो.

तपासणीच्या वेळी मुलीला पालथे झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई घालतात आणि नंतर काही तास पाठीवर पडून राहावे लागते. लघवीत थोडे रक्त दिसू शकते. रक्त चढवण्याची वेळ क्वचित येते. तिला आधी सगळे नीट समजावून सांगा. या वयाची मुले गोळ्या चुकवतात आणि घरी सांगत नाहीत, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. स्टेरॉइडमुळे चेहरा गोल होतो, कॉलेजात कोणी काही बोलते आणि गोळी बेसिनमध्ये जाते. बायॉप्सीआधी तिच्याशी एकट्याने आणि न रागावता याविषयी बोलणे डॉक्टरांना शक्य व्हावे, एवढे आपण करा.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षे झाली. मला ल्युपस नेफ्रायटिस आहे, मायकोफिनोलेट चालू आहे. सासूबाई म्हणतात, आधी सगळ्या गोळ्या बंद कर, मग बाळाचा विचार करू. मी आई होऊ शकते का? त्याने माझी मूत्रपिंडे जातील का? — एक वाचक, कल्याण

उत्तर : बहुतेक स्त्रियांना होता येते, पण वेळ निवडावी लागते. आजार किमान सहा महिने शांत असावा, प्रथिने ०.५ ग्रॅमच्या खाली असावीत आणि रक्तदाब काबूत असावा. अशा स्थितीत राहिलेल्या गर्भारपणात मूत्रपिंडाचे कायमचे नुकसान होण्याचा धोका कमी असतो. आजार सक्रिय असताना दिवस गेले, तर आई आणि बाळ दोघांनाही खरा धोका असतो.

सासूबाईंच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. मायकोफिनोलेटमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद व्हायलाच हवे. मात्र ते नुसते बंद करायचे नसते. त्याच्या जागी अ‍ॅझाथायोप्रिन, आणि गरज पडल्यास टॅक्रोलिमस, सुरू करून काही महिने आजार स्थिर राहतो ना, हे पाहायचे असते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातील गोळ्याही गर्भारपणात चालत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र पूर्ण नऊ महिने चालू ठेवायचे. ते बाळाला बाधक नाही, आणि ते थांबवले तरच आजार उसळण्याची भीती अधिक असते. या एका गोळीबाबत घरातल्या ज्येष्ठांचा गैरसमज दूर करणे फार महत्त्वाचे आहे. शक्य असल्यास पुढच्या भेटीला सासूबाईंनाच सोबत न्या.

तोपर्यंत गर्भनिरोधन पक्के हवे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आजार सक्रिय असताना किंवा अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असताना घेऊ नयेत, कारण रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. तांबी चालते. दिवस जाण्याआधी ही प्रतिपिंडे तसेच अँटि-आरओ प्रतिपिंड तपासून घ्या. अँटि-आरओ असलेल्या मातांच्या शंभरातील एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच मंदावतात, म्हणून सोळाव्या ते अठराव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली जाते. तिच्यामुळे गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, होण्याची शक्यता कमी होते. पुढे वीस आठवड्यांनंतर रक्तदाब आणि प्रथिने दोन्ही वाढली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया आहे की ल्युपस उलटला आहे, हे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. गर्भारपणात पूरक प्रथिने एरवी वाढतात, त्यामुळे ती 'सामान्य' दिसली तरी त्यावर विसंबता येत नाही. आधीचे आकडे हाताशी असले की हा निर्णय सोपा होतो. प्रसूतितज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ एकमेकांशी बोलू शकतील अशाच ठिकाणी नाव नोंदवा, थोडा प्रवास करावा लागला तरी.

प्रश्न : मूत्रपिंडासाठी काय खावे, काय टाळावे? प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून मी गुळवेलीचा काढा आणि अल्फाल्फा टॉनिक घेते. सांधे दुखले की मेडिकलमधून गोळी आणते. चेहऱ्यावरच्या डागांसाठी एक क्रीम लावते. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्रातल्या चारही गोष्टी तूर्त थांबवा, असे सांगावे लागते आहे आणि त्याची कारणेही सांगतो.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भलतीकडे वळलेली असते. तिला चेतवणारे काहीही घेणे म्हणजे उपचाराच्या उलट जाणे आहे. अल्फाल्फा म्हणजे आपण जनावरांना घालतो तो लसूणघास. त्यात कॅनाव्हॅनिन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्या सेवनानंतर ल्युपस उफाळल्याच्या नोंदी आहेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला दाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या निष्कर्षावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, हेही नमूद करतो. तरी ऑटोइम्यून, म्हणजे संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटलेला, आजार असलेल्या व्यक्तीने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या भस्मांत पारा, शिसे किंवा सोमल असू शकते, तीही टाळावीत.

दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड अशा गोळ्या गाळण्यांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना आणि जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झालेले असताना तर एक-दोन दिवसांतही क्रिएटिनिन चढते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. सांधे वारंवार दुखत असतील तर ती आजार जागा झाल्याची खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवा. जुलाब-उलट्या झाल्या तर रक्तदाबाची कोणती गोळी तात्पुरती थांबवायची हे आधीच विचारून ठेवा. स्टेरॉइड मात्र एकदम कधीही थांबवायचे नाही. लघवीच्या संसर्गासाठी कोणी सल्फा गटातले औषध देऊ लागले तर ल्युपस असल्याचे आवर्जून सांगा, कारण त्याने आजार चाळवू शकतो.

क्रीमविषयी विशेष काळजीने लिहितो. ल्युपसचे डाग गालांवर उठतात आणि मुली ते लपवण्यासाठी गोरेपणाची क्रीम लावू लागतात. अशा काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शोषला जातो आणि मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये असे अनेक रुग्ण आढळले. आधीच ल्युपस असलेल्या व्यक्तीत ही गळती आजाराच्या खात्यावर जमा होते आणि औषधे वाढवली जातात, म्हणून लावत असलेली क्रीम डॉक्टरांना नेऊन दाखवा. चेहऱ्याला गरज आहे ती उन्हापासून संरक्षणाची. सनस्क्रीन, लांब बाह्या आणि छत्री वापरा, कारण अतिनील किरणांनी आजार उसळतो.

आहारात खरे पथ्य मिठाचे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, सुकट, खारवलेले बोंबील हे सगळे मोजायचे. प्रथिनांच्या पावडरी नकोत, पण डाळ, अंडे, मासे सोडून अशक्त होण्याचीही गरज नाही. फळे, नारळपाणी, टोमॅटो हे पोटॅशियम वाढलेले असेल तरच कमी करायचे. पोटॅशियम तपासल्याशिवाय शेजारच्या डायलिसिसवरील रुग्णाचे पथ्य पाळू नये. दोन फळांची नावे मात्र घेतो. मूत्रपिंडाची क्षमता कमी असेल तर कमरख, म्हणजे आपल्याकडचे करंबळ, अजिबात खाऊ नये. त्यातील ऑक्झलेट मूत्रपिंडाला आणि एक वेगळे द्रव्य मेंदूला घातक ठरते. आणि टॅक्रोलिमस चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा, त्यांनी औषधाची रक्तातील पातळी वाढते.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा पुरुष आहे. हा बायकांचा आजार आहे, असे सगळे म्हणतात. मलाच कसा झाला? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. पुरुषांना तो कमी वेळा होतो, पण झाला तर मूत्रपिंडाला बाधा होण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळते. निदानही उशिरा होते, कारण मुळात शंकाच घेतली जात नाही. वर सांगितलेली लघवीची आणि रक्तदाबाची तपासणी आपल्यालाही तितकीच लागू आहे. धूम्रपान करत असाल तर सोडा. त्याने हृदयाचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडही लवकर खंगते.

प्रश्न : माझी बहीण ३४ वर्षांची आहे. ल्युपसमुळे तिची मूत्रपिंडे निकामी झाली, आठ महिने डायलिसिस चालू आहे. मी तिला मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण नातेवाईक म्हणतात, ल्युपस नवे मूत्रपिंडही खाऊन टाकेल. — एक भाऊ, सातारा

उत्तर : ही भीती जितकी बोलली जाते तितकी खरी नाही. प्रत्यारोपणानंतर ल्युपस नव्या मूत्रपिंडात उलटू शकतो, पण त्यामुळे ते निकामी होण्याचे प्रमाण कमी आहे. प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही ल्युपसचीच औषधे आहेत, हे त्यामागचे एक कारण. अमेरिकेत प्रतीक्षायादीवरील साडेनऊ हजारांहून अधिक ल्युपस रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यारोपण झालेल्यांच्या मृत्यूचा धोका डायलिसिसवर राहिलेल्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी आढळला. आजार शांत असेल तर वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे कारण नाही.

कायद्याच्या दृष्टीने भाऊ हा जवळचा नातेवाईक असल्याने परवानगीचा मार्ग सरळ आहे. रक्तगट जुळला नाही, तर अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची तरतूदही कायद्यात आहे. आपण सख्खे भाऊ असल्यामुळे दात्याच्या नेहमीच्या चाचण्यांबरोबर आपली एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे), पूरक प्रथिने आणि लघवी यांची तपासणी काळजीपूर्वक व्हायला हवी, कारण ल्युपसची प्रवृत्ती कुटुंबात आढळते. बहिणीच्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी शस्त्रक्रियेआधी अत्यावश्यक आहे. ती असतील तर नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून वेगळी तयारी करावी लागते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्हींचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयांत बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन भेटा.

डायलिसिसवर असतानाही तिचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन परस्पर बंद होऊ देऊ नका. मात्रा कमी करावी लागते, ती डॉक्टर ठरवतील. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते पाहा, फिस्तुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका आणि रक्तही काढू देऊ नका. प्रत्यारोपण केंद्राच्या पहिल्या भेटीला तिच्या जुन्या बायॉप्सीचा अहवाल, आजवर मिळालेल्या सायक्लोफॉस्फामाइडच्या मात्रांची नोंद आणि आतापर्यंत किती वेळा रक्त चढवले याची माहिती सोबत न्या.